पुढच्या दाराची गिऱ्हाइकं

पडदेबाई मोठ्या दुकानाच्या पुढच्या दारातून आयुष्यात पहिल्यांदा आत गेल्या, तेव्हा त्यांचं वय सहासष्ट होतं आणि हातात एक रिकामी पिशवी होती. एकतीस वर्षं त्याच दुकानात नोकरी केली, पण ती मागच्या गल्लीतल्या लोखंडी दरवाजातून. पुढचं दार गिऱ्हाइकांचं. नोकरमाणसानं तिथून पाऊल टाकायचं नाही असा नियमच होता, आणि पडदेबाई काही नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यामुळे झालं काय, की ते काचेचं गोल फिरणारं दार कुठे ढकलायचं आणि कुठे सोडायचं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. दोन फेऱ्या मारून बाई परत रस्त्यावर. तिसऱ्या खेपेला दरवानानं हात धरून आत ओढलं आणि कानाशी लागून म्हणाला, "पडदेबाई, जरा रोज येणाऱ्यासारखं वागा की!"

"रोजच तर यायचे मी. मागून."

"शूः! आणि मला ओळख दाखवू नका."

आता हा काय प्रकार आहे तो आधी सांगून टाकलेला बरा, नाहीतर तुम्हीही त्या दारात गोल गोल फिरत राहाल.

दुकानाला खरं नाव होतं, दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत होतंसुद्धा. पण सगळं शहर त्याला मोठं दुकानच म्हणायचं. पाच मजले. सुईपासून पलंगापर्यंत म्हणाल ते मिळायचं. पडदेबाई नोकरीला लागल्या त्या काळात लोक इथे यायचे ते इस्त्रीचे कपडे घालून. शहरातला पहिला सरकता जिना इथेच बसला, आणि पुढे कितीतरी महिने निम्मी गर्दी नुसती त्या जिन्यावर चढायला यायची. म्हाताऱ्या बायका पहिल्या पायरीशी घाबरून थबकायच्या, मागे रांग तुंबायची, आणि मग कुणीतरी धीट सून सासूला बखोटीला धरून वर न्यायची. दुसऱ्या मजल्यावर पडद्यांच्या विभागात अकरा जणी होत्या. अकरा! तरी दुपारी घोटभर पाणी प्यायची सवड नसायची. चौथ्या मजल्यावर चहाचा हॉल होता, तिथे लग्नं ठरायची म्हणे. ठरलेली मोडायचीसुद्धा.

मग काय झालं? ते कुणालाच नीट सांगता येत नाही. एका दिवसात काही झालं असतं तर कळलं तरी असतं. आधी पाचवा मजला बंद झाला. छत गळतंय म्हणाले. छत दुरुस्त झालं, मजला काही उघडला नाही. मग चौथा. चहाच्या हॉलमध्ये मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या. मग तिसरा. सरकता जिना एके दिवशी सरकायचा थांबला तो थांबलाच, लोक साध्या जिन्यासारखे त्यावरून चढायला लागले. म्हणजे जे कोणी यायचे ते. बाकीचे घरी बसून फोनवर बोट फिरवायचे आणि सामान आपोआप त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. पडद्यांच्या विभागात अकराच्या सात जणी झाल्या, सातच्या तीन. सहा वर्षांपूर्वी पडदेबाई निवृत्त झाल्या, तेव्हा उरलेल्या दोघीही गेल्या, आणि त्या तिघींच्या जागी एकच माणूस आलं. त्यांची स्वतःची लेक.

लेक एकोणीस वर्षांची असताना आईनंच शब्द टाकून तिला दुकानात चिकटवली होती. सोळा वर्षं तळघरातल्या पॅकिंगमध्ये काढली, मग पडद्यांवर. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. मायलेकी दोन खोल्यांत राहायच्या आणि घर चालायचं ते लेकीच्या पगारावर. बाकी ठिकाणी तिनं विचारून पाहिलं होतं, नाही असं नाही. सगळीकडे एकच प्रश्न, 'याशिवाय आणखी काय येतं?' कापड मोजता येतं, कापता येतं, पुडकं बांधता येतं. त्यावर समोरचा माणूस नुसता मान हलवायचा आणि कळवतो म्हणायचा. कळवलं कुणीच नाही.

आणि अशात बातमी आली की दुकान विकायला काढलंय.

मॅनेजरला सगळे 'आलोच साहेब' म्हणायचे, कारण कुणीही काहीही विचारलं की तो "आलोच हं" म्हणून जायचा आणि परत यायचा नाही. तर या आलोच साहेबानं निवृत्त झालेल्या तीस जणांना घरी निरोप धाडले आणि तळघरात बोलावलं. पडदेबाई होत्या, टोप्यांच्या विभागातले टोपीकाका होते, बूट विकणारे बूटमास्तर होते, अत्तरांच्या काउंटरवरची अत्तरबाई होती. ती सत्तरीतही गालाला लाली लावून आली होती. सगळ्यांना वाटलं, निरोपाचा चहा असेल.

"विकत घेणाऱ्या कंपनीची अजून दोन मनं आहेत," आलोच साहेब म्हणाला. "दुकान चालतंय असं दिसलं तर ते चालवतील. नाही दिसलं तर आतून सगळं पाडून ऑफिसं काढतील. सोमवार ते गुरुवार, या चार दिवसांत त्यांचं माणूस बघायला येणार आहे. कोण, कधी, कसं, काही सांगितलेलं नाही. साधं गिऱ्हाईक म्हणून येणार. तेव्हा दुकान भरलेलं दिसायला हवं."

"मग भरा की," बूटमास्तर म्हणाले.

"तेच करतोय. तुम्हाला बोलावलंय ना."

थोडा वेळ कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडेना. मग टोपीकाका खो खो हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की साहेब हसत नाहीये.

नियम असे ठरले. पुढच्या दारानं यायचं. एकमेकांना ओळख दाखवायची नाही. वस्तू बघायच्या, विचारायचं, विकत घ्यायच्या, मिरवत मिरवत बाहेर पडायचं, आणि संध्याकाळी मागच्या दारानं सगळा माल परत आणून द्यायचा. दुसऱ्या दिवशी तोच माल, तीच गिऱ्हाइकं. दुपारी जेवण. पडदेबाईंना हे मुळीच पटलं नाही. सरळ सरळ थापा आहेत या, त्यांना वाटलं. पण लेकीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, आणि सगळ्यांत आधी हात वर झाला तो त्यांचाच.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला तो घडीचा. या दुकानात नोकरीला लागलं की पहिला महिनाभर फक्त घडी घालायला शिकवायचे. गिऱ्हाइकानं उलगडलेली वस्तू त्याची पाठ वळायच्या आत पुन्हा जशीच्या तशी. तर झालं असं की ही तीस गिऱ्हाइकं दिवसभर माल बघत होती आणि बघून झालेला माल घडी घालून जागेवर ठेवत होती. टोपीकाका तर टोपी डोक्यावर घालून आरशात बघायचे, काढायचे, बाहीनं पुसायचे आणि परत स्टँडवर नेमक्या कोनात लावायचे. संध्याकाळी आलोच साहेब तळघरात थयथयाट करायला लागला. "अहो, गिऱ्हाईक कधी घडी घालतं का? टाका की तसंच! फेका! उलटंपालटं करा!"

"हात ऐकत नाहीत हो," टोपीकाका काकुळतीला येऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पडदेबाईंनी मनाचा हिय्या करून एक चादर चुरगाळून टाकली. ती तशी पडलेली बघून त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला. दहा मिनिटांनी वळसा घालून त्या परत आल्या तर चादरीची घडी घातलेली. कुणी घातली? विकणाऱ्या मुलीनं, की दुसऱ्या कुठल्या खोट्या गिऱ्हाइकानं? देव जाणे.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, छळच, तो पुढेच होता. निवृत्त झालेले सगळे पडदेबाईंच्या ओळखीचे होते, पण तीस माणसांनी दोन मजले भरेनात म्हणून आलोच साहेबानं कुणाकुणाचे मेव्हणे, शेजारी, भाडेकरूसुद्धा आणले होते. त्यामुळे कोण खरं आणि कोण आणलेलं, काही उमगेना. एक गृहस्थ अर्धा तास छत्र्या उघडून बघत होते. हे खरे असावेत असं बाईंच्या मनात आलं, तोच त्यांनी बाईंना डोळा मारला. आता हा डोळा आपल्यातला म्हणून मारला, की या वयात आणखी कशासाठी, या विचारानं बाई तिथून तडक निघाल्या. एक लठ्ठ बाई कढई घेऊन गेली. सकाळी घेऊन गेली आणि दुपारी घेऊन गेली. म्हणजे आपल्यातलीच. का दोन कढया हव्या असतील बिचारीला?

शिवाय स्वतःचंही काही कळेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या काठाची एक उशीची खोळ 'घेतली'. नाटकच होतं. पण घेताना ती हातांना इतकी आवडली की संध्याकाळी मागच्या दारानं परत देताना कुणीतरी आपलं हिसकावून घेतंय असं त्यांना वाटलं. घरी आल्यावर उगाच लेकीवर खेकसल्या.

लेक मात्र या सगळ्यात तोंडाला कुलूप लावून होती. मंगळवारी आईला तिच्याच टेबलाशी पाठवलं होतं, पडदे बघायला. मायलेकी समोरासमोर उभ्या आणि ओळख दाखवायची नाही.

"काय दाखवू?" लेकीनं विचारलं.

"जे चांगलं असेल ते दाखवा," आई म्हणाली. लेकीला अहो-जाहो करताना त्यांची जीभ अडखळली.

लेकीनं एक थान काढलं. काढलं कसं, तर सावकाश, अंगावर आल्यासारखं. पडदेबाईंच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. अगं, असं नाही, झटक्यात सोड, कापड टेबलावर धावलं पाहिजे! पण बोलणार कुणाला? त्या गिऱ्हाईक होत्या. लेकीनं कापड दाखवलं, परत गुंडाळलं आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. कंपनीचं माणूस आत्ता इथे असेल तर? अशी विकते का ही रोज?

घरी जाताना बसमध्ये त्यांनी विषय काढलाच. "जरा हसून बोलायला काय होतं तुला?"

"कुणाशी, आई? तुझ्याशी?"

"अगं, माझ्याशी म्हणजे... गिऱ्हाइकाशी."

"गिऱ्हाईक कुठेय?" लेक म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. पडदेबाई तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप करत होत्या, आणि हिचं हे असं. रागही आला आणि वाईटही वाटलं. दोन्हींतलं आधी काय आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

बुधवारी एक नवीनच बाई दिसायला लागली. तरुण, नीटस, बाबागाडी ढकलत सगळ्या दुकानभर फिरणारी. पडदेबाईंनी वाकून बघितलं, तर गाडीत बाळ नाही, नुसतं पांघरूण. "ही आपली अस्सल हं," अत्तरबाई बाटल्यांच्या आडून पुटपुटली. "साहेबानं नाटकमंडळींतून आणलेली दिसते. काय बेमालूम काम करते बघ." पडदेबाईंनाही कौतुक वाटलं. आपण मेल्या साधी चादर चुरगाळू शकत नाही आणि ही बघा, थेट बाबागाडी!

अन् उजाडला गुरुवार. शेवटचा दिवस. तीन दिवस झाले तरी कंपनीचं माणूस म्हणून कुणी दिसलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. आज दोन्ही मजले ठासून भरायचे, असा हुकूम होता. पडदेबाई पुन्हा पडद्यांच्या टेबलाशी. तिथे आधीच एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, चष्मा, कोपरापाशी विरलेला कोट, हातात मापं लिहिलेला कागद. लेकीनं दोन-तीन थानं काढून ठेवली होती आणि हा गृहस्थ प्रत्येक कापड बोटांत धरून चोळून बघत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मागे पडदेबाई ताटकळत. कागदावर मापं काय, पुन्हा पुन्हा विचारणं काय! किती ते नाटक! एवढं कशाला ताणायचं माणसानं? शेवटी त्यांनी त्याच्या कोपराला हलकेच ढोसलं.

"छान जमतंय हो तुम्हाला," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "पण आवरा आता. कुठलंही घ्या. संध्याकाळी परतच द्यायचंय."

माणूस वळला. "काय?"

"कुणाचे आपण? साहेबाचे मेव्हणे का?"

"मी? नाही हो. परत का द्यायचं?"

पडदेबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीचा चेहरा पांढराफटक. डोळे जे मोठे झाले होते त्यांत सगळं आलं. माणसानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, मग भोवती, जिकडेतिकडे पिशव्या घेऊन फिरणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे. कागदाची घडी करून त्यानं खिशात ठेवला. "येतो मी," म्हणाला आणि जिन्याकडे चालायला लागला.

हाच तो! कंपनीचं माणूस हेच! आणि आपण आपल्या तोंडानं त्याला सांगितलं, लेकीच्या देखत, लेकीच्या टेबलाशी उभं राहून. बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून पडदेबाई धावत सुटल्या. सहासष्टाव्या वर्षी, कठड्याला धरून, दोन दोन पायऱ्या. त्या फिरत्या दारानं नेमकी आत्ताही एक फेरी जास्तीची घ्यायला लावली. माणूस बस थांब्याशी पोचला होता.

"अहो साहेब! साहेब, थांबा!" बाईंना धाप लागली होती. "चूक माझी आहे. मी मूर्ख आहे. तिची काही चूक नाही. ती माझी लेक आहे हो. बावीस वर्षं इमानानं काम करतेय. तिला दुसरं काही येत नाही, मीच शिकू दिलं नाही. दुकान बंद झालं तर ती जाणार कुठे? काय लिहायचं ते माझ्याबद्दल लिहा, पण दुकान नका पाडू." आणि रस्त्यात उभ्या उभ्या त्यांना रडू कोसळलं.

माणूस पार बावरून गेला. "आजी, रडू नका हो. मी कशाला दुकान पाडतोय? मी शाळेत भूगोल शिकवतो."

"म्हणजे कंपनीचे नाही तुम्ही?"

"कुठल्या कंपनीचा?" त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "बायको नर्स आहे माझी. सध्या कायमची रात्रपाळी आहे. दिवसा झोपते, आणि खिडकीत सकाळपासून ऊन. फोनवरून दोनदा पडदे मागवले, दोन्ही वेळा उजेड आरपार. म्हटलं, एकदा हातात धरून घेऊ. एवढंच."

बाईंना हे डोक्यात शिरायला वेळ लागला. मेव्हणा नाही. भाडेकरू नाही. कंपनीचा नाही. मग हा माणूस दुकानात आला कशाला? तर पडदे घ्यायला. पडदे हवेत म्हणून पडदे घ्यायला! चार दिवसांत अशी शक्यता कुणाच्या मनातसुद्धा आली नव्हती.

"चला," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"कुठे?"

"वर. उजेड अडवणारं कापड आहे. हिरवं, अस्तराचं. तुम्हाला दाखवलंच नाही ते."

आणि मास्तरांचा कोपर धरून त्यांनी त्यांना परत आणलं. दुसऱ्या मजल्यावर पोचल्या त्या सरळ टेबलाच्या आतल्या बाजूला शिरल्या. गिऱ्हाईक आहोत वगैरे सगळं गेलं चुलीत. "ते हिरवं काढ," लेकीला म्हणाल्या. लेकीनं काढलं. बाईंनी थानाला झटका दिला आणि कापड टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलं. एक पदर उचलून त्यांनी दिव्यासमोर धरला, मागे हात घातला. "दिसतो का हात?"

"नाही."

"बोटं हलवतेय. दिसतात?"

"छे!"

"मग झोपतील त्या. आता मापं सांगा. पडदा खिडकीएवढा घ्यायचा नसतो मास्तर, दीडपट घ्यायचा. चुण्या पडल्या पाहिजेत, नाहीतर कडेनं उजेड येतो. जमिनीपासून चार बोटं वर, म्हणजे झाडता येतं." त्या बोलत होत्या आणि लेक मोजत होती. बोलता बोलता बाई केव्हा बाजूला झाल्या आणि लेकच केव्हा बोलायला लागली ते कुणाला कळलं नाही. दुमडपट्टी किती सोडायची, वर कड्या लावायच्या की नाडी, धुताना अस्तर आकसेल का, लेकीनं सगळं सांगितलं. हसूनसुद्धा सांगितलं. मास्तरांनी दोन खिडक्यांचं माप दिलं, मग जरा विचार करून म्हणाले, स्वयंपाकघराच्या दारालाही असू दे, तिथूनही उजेड येतो.

भोवतीची खोटी गिऱ्हाइकं एव्हाना जागच्या जागी थिजली होती. टोपीकाका खालून वर आले होते. बूटमास्तर खांबाआडून बघत होते. खरं गिऱ्हाईक आलंय, ही बातमी दोन्ही मजल्यांवर पसरली होती.

लेकीनं शेवटचा हात मोजला, कात्री चालवली, आणि थानातली लाकडी फळी उघडी पडून टेबलावर ठक्कन आपटली. थान संपलं.

आता हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मोठ्या दुकानात जुनी रीत होती, थान संपून फळी दिसली की सगळा मजला तीन टाळ्या वाजवायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं आपल्यासाठीच, आणि विकणारीला कळायचं की तिच्यासाठी. चांगल्या दिवसांत तासाला दोनदा वाजायच्या. मग दिवसाला एकदा, मग महिन्याला, मग कधीच नाही. कारण थान संपायच्या आधी मोसम संपायचा आणि उरलेला माल परत जायचा.

ठक्क झालं. आणि कुठूनतरी पहिली टाळी पडली. दुसऱ्या टाळीला तीस जणांच्या पिशव्या जमिनीवर होत्या. टोपीकाका, बूटमास्तर, अत्तरबाई, छत्र्यांवाले, सगळे एका ठेक्यात, ताठ उभे. तिसरी टाळी अशी कडाडली की काचा थरथरल्या. पडदेबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. तेही वाजवत होते.

भूगोलाचे मास्तर गोंधळून सगळ्यांना मान लववायला लागले.

आणि जिन्यापाशी बाबागाडीवाली बाई उभी होती. तिनं पांघरुणाखालून एक वही काढली, दोन ओळी लिहिल्या, टाळ्या वाजवणाऱ्या एकेका गिऱ्हाइकाकडे बघून घेतलं, अगदी मोजल्यासारखं. मग गाडी तिथेच सोडून ती खाली उतरली, तिथे आलोच साहेब धावत आला होता. "तुमची गिऱ्हाइकं फारच शिस्तीची आहेत हो," एवढंच ती त्याला म्हणाली. आणि ती फिरत्या दारातून, एकाही जास्तीच्या फेरीशिवाय, निघून गेली.

संध्याकाळी मागच्या दारापाशी माल परत करणाऱ्यांची रांग लागली. आलोच साहेब ओरडून ओरडून थकला होता. "टाळी कुणी सुरू केली?" तो शेवटचं विचारत होता. "एवढं तरी सांगा. पहिली टाळी कुणाची?"

कुणालाच आठवेना. प्रत्येकाला वाटत होतं की आपण दुसऱ्याचं ऐकून वाजवली.

"माझी," पडदेबाई म्हणाल्या. खरं तर त्यांनाही आठवत नव्हतं. पण माणसाला बस थांब्यावरून परत कुणी आणलं? त्यांनीच. लेकीच्या पोटावर पाय द्यायला त्या चार दिवस पुढच्या दारानं आल्या होत्या, असंच झालं की हे! साहेबानं त्यांच्याकडे पाहिलं आणि "आलोच" म्हणून निघून गेला.

कामगारांच्या कपाटांच्या खोलीत लेक अंगावरचा दुकानाचा डगला काढून घडी घालत होती. पडदेबाई दारात उभ्या राहिल्या. आत जायचं धाडस होईना.

"मला माफ कर गं," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी घालवली मी. का वाजवली मी टाळी, माझं मलाच कळत नाही. डोकं ठिकाणावर नव्हतं बघ."

"तू नाही वाजवलीस, आई."

"अगं, मीच. साहेबासमोर कबूल केलंय मी."

"पहिली मी वाजवली," लेक म्हणाली. "ती वहीवाली जिन्यापाशी उभी होती. मला दिसत होती. तिचं बाळ दोन दिवसांत एकदाही रडलं नाही, तेव्हाच मी ओळखलं होतं. मी वाजवली की सगळे वाजवणार, हेही मला माहीत होतं."

पडदेबाई आत आल्या. बाकावर त्या टेकल्या. ही काय बोलतेय? माहीत असून? जिच्यासाठी एवढा आटापिटा केला, तिनंच? रागवावं की रडावं, त्यांना ठरवता येईना. "पण का गं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

लेकीनं डगला कपाटात ठेवला. "सोळा वर्षं मी खाली पॅकिंगमध्ये होते, आई. वर टाळ्या वाजल्या की छतातून ऐकू यायच्या. आम्ही खालच्या मुली म्हणायचो, तुझ्या आईचं थान संपलं बघ. मग वर आले, तर सहा वर्षांत एकदाही वाजल्या नाहीत." तिनं कपाटाचं दार लावलं. "आज माझं संपलं होतं."